पाटल्या आणि सोफा

२०२५च्या मे महिन्यातले ते आठ दिवस मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. २१ तारखेला स्पेनमधल्या बिल्बाओत युरोपा लीग या युरोपीय स्पर्धेची फायनल टॉटनहॅमविरुद्ध ०-१ गेली. आपल्याकडे मॅच रात्री साडेबाराला सुरू होणार, अडीचला हरून झोपायचं आणि सकाळी पाणी जायच्या आत उठायचं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंधरावा नंबर येणार होताच.

दोनच दिवसांनी नेपल्समध्ये नापोलीची कॅलियारीशी मॅच, जिंकलं तर इटलीचं विजेतेपद. ४२व्या मिनिटाला उजवीकडून पोलितानोचा क्रॉस आला आणि स्कॉट मॅकटॉमिनेने हवेतच अंग आडवं टाकून कात्रीसारखा पाय फिरवला. गोल. दुसरा गोल रोमेलू लुकाकूचा. म्हणजे विजेतेपदाच्या मॅचचे दोन्ही गोल युनायटेडने विकलेल्या माणसांचे. मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही मॅकटॉमिनेच ठरला. मग २८ तारखेला पोलंडमध्ये कॉन्फरन्स लीग या दुसऱ्या युरोपीय स्पर्धेची फायनल. स्पेनच्या बेटिसकडून अँटनी, इंग्लंडच्या चेल्सीकडून जेडन सांचो, दोघेही युनायटेडने लोनवर, म्हणजे काही काळ खेळायला उसने दिलेले. सांचोने गोलही केला. या दोघांना आणायला युनायटेडने मिळून १५ कोटी पौंडांच्या वर मोजले होते.

नको ते विकलं जात नाही आणि हवं ते चटकन जातं, हे कसं? चाहते मालकांना शिव्या देतात. देऊ देत, पण खरी गोम हिशेबाच्या वहीत आहे.

घरात दोन वस्तू आहेत असं धरा. एक आजीच्या पाटल्या, दुसरा हप्त्यावर घेतलेला सोफा. पाटल्यांना आपले पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे सराफ देईल ती सगळी रक्कम आपली. सोफ्याचे हप्ते अजून बाकी आहेत आणि जुन्या सोफ्याला गिऱ्हाईक देतो ती किंमत त्या बाकीपेक्षा कमी. पैशांची नड लागली की हात कुठे जाणार?

अँटनीला २०२२मध्ये आयाक्सकडून ९.५ कोटी युरोंना घेतलं. करार पाच वर्षांचा, म्हणून वहीत दरवर्षी १.९ कोटींचा खर्च पडतो. तीन वर्षांत ५.७ कोटी फिटले, ३.८ कोटी उरले. २०२५मध्ये बेटिसने दिले बोनस सोडून सुमारे २.२ कोटी. विकून वर दीड कोटीहून जास्त तोटा वहीत मांडायचा. मॅकटॉमिने मात्र पाच वर्षांचा असल्यापासून क्लबच्या अकादमीतला, म्हणजे क्लबने स्वतःच घडवलेला. त्याची वहीतली किंमत शून्य. नापोलीने २०२४मध्ये दिलेले सुमारे ३ कोटी युरो म्हणजे सगळा निव्वळ नफा. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमाने तीन मोसमांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता. तोट्याचा काटा तिथे टेकायला आला की घरचं पोर विकणं हा सगळ्यात सोपा उपाय. ऑक्टोबर १९३७पासून आजवर प्रत्येक मॅचच्या संघात अकादमीतला एकतरी खेळाडू ठेवणारा हा क्लब! अभिमानाची गोष्ट आणि नगदी पीक एकाच वाफ्यात.

बरं, वहीचं एकवेळ सोडा. सोफा हलत नाही याला पगारही कारण आहे. युनायटेडचे पगार असे की मधल्या फळीतल्या क्लबाला किंमत परवडते, पगार परवडत नाही. खेळाडूने तरी कमी पगारावर का जावं? करार आहे त्याच्याकडे. तो राहतो, मग लोनवर जातो, आणि पगाराचा एक हिस्सा आपणच भरत बसतो. वहीतला वार्षिक खर्च तर चालूच. सांचोला चेल्सी लोननंतर विकत घेणार असं ठरलेलं होतं. पगाराचं जमलं नाही, तेव्हा चेल्सीने ५० लाख पौंड दंड भरून त्याला परत पाठवलं. ७.३ कोटींचा माणूस, हातात ५० लाख. पुढच्या मोसमात पुन्हा लोन, या वेळी अ‍ॅस्टन व्हिला. त्याच्या करारातले महिने मात्र लोनवरही संपत राहतात.

आणि महिने संपणं ही सगळ्यात महाग चूक. युरोपीय न्यायालयाच्या १९९५च्या बोसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू फुकट जातो. शेवटच्या सहा महिन्यांत तर तो परदेशी क्लबाशी आधीच बोलणी पक्की करू शकतो. म्हणून जाणते क्लब दोन वर्षं शिल्लक असतानाच विचारतात, सही करतोस की विकू? युनायटेडने पॉल पोग्बाला २०१२मध्ये असाच नाममात्र भरपाईवर युव्हेंटसला जाऊ दिलं. २०१६मध्ये त्यालाच ८.९ कोटी पौंड देऊन परत आणलं, तेव्हाचा जागतिक विक्रम. २०२२मध्ये तो पुन्हा फुकट गेला. पुन्हा युव्हेंटसलाच! ही गोष्ट कुणी रचून सांगितली असती तर अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली असती.

सगळंच चुकलं असंही नाही. लुकाकूला ७.५ कोटी पौंडांना आणून दोन वर्षांनी इंटरला जवळपास तेवढ्यालाच विकला, तो सौदा चोख होता. पण अँथनी एलांगा २०२३मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला दीड कोटी पौंडांना दिला आणि २०२५मध्ये फॉरेस्टने न्यूकॅसलकडून त्याचे साडेपाच कोटी घेतले.

शिवाय बाजारात कसं बोलायचं याची एक रीत असते. भाजीवालासुद्धा संध्याकाळी ‘आता कोण घेणार हे’ असं गिऱ्हाईकासमोर म्हणत नाही. २०२५च्या उन्हाळ्यात युनायटेडने रॅशफोर्ड, गार्नाचो, अँटनी, सांचो आणि मलासिया यांना मुख्य संघापासून बाजूला काढलं. हे पाच जण नकोत हे युरोपभर कळल्यावर समोरचा घाई कशाला करेल? तो ऑगस्ट संपेपर्यंत फोनच उचलत नाही. रॅशफोर्ड बार्सिलोनाला लोनवर गेला. अँटनी अगदी शेवटी सुटला. गार्नाचो चेल्सीने सुमारे ४ कोटी पौंडांना नेला आणि तिथे पैसे बऱ्यापैकी आले, कारण तो सोळाव्या वर्षी जवळपास फुकटात आलेला.

त्याआधीच्या वर्षी, २५ मे २०२४ला, वेम्बलीवर एफए कपच्या फायनलमध्ये युनायटेडने मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं होतं. पहिला गोल गार्नाचोचा. दुसरा कोबी मेनूचा, त्याचं वय तेव्हा १९. मेनू लहानपणापासून अकादमीतलाच. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्याने लोनवर जाऊ द्या असं सांगितलं, क्लबने नाही म्हटलं. त्याची वहीतली किंमत शून्य आहे.