नवं आयुक्तालय, जुने उस्ताद

भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी मैदानावर भेटतात. मी पोलिसातून निवृत्त झालोय हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, पिंपरी-चिंचवड आयुक्तालय नवं, भरती नवी. मग मोजमापाला आणि शिकवायला सगळे तीस-तीस वर्षं नोकरी झालेले का? नव्या दमाचे का नाहीत?" धावपट्टीच्या कडेला दरवेळी अर्धंच उत्तर देऊन होतं. म्हणून आज सगळं सांगतो.

१५ ऑगस्ट २०१८ ला हे आयुक्तालय सुरू झालं, आर. के. पद्मनाभन पहिले आयुक्त. पुणे शहराकडून पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी, वाकड, हिंजवडी ही ठाणी आली, तर पुणे ग्रामीण पोलिसांकडून चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव. पुढे कारभार प्रेमलोक पार्कातल्या शाळेच्या इमारतीतून चालू लागला. पाट्या रंगल्या, शिक्के बदलले. पण माणसं दोन वेगळ्या मुशीतली होती. मी ग्रामीणचा. आमच्याकडे एका बीट अंमलदाराकडे गावंच्या गावं असायची आणि कुठं काय शिजतंय हे पोलीस पाटलाकडून कळायचं. शहरातल्या अंमलदाराला पोलीस पाटील ठाऊकच नाही, पण गर्दीच्या चौकात दहा मिनिटांत नाकाबंदी कशी लावायची हे त्याच्या हाडात मुरलेलं. हिंजवडीच्या कंपन्या आणि आळंदीची वारी एकाच हद्दीत आली, तेव्हा दोघांचंही शहाणपण नव्या पोरांपर्यंत पोचवायचं होतं. ते जीआरमध्ये लिहून येत नाही.

आयुक्तालयाची पहिली भरती ७२० जागांची. लेखी परीक्षा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, करोनाचे दिवस होते. हिंजवडीच्या एका केंद्रावर मास्कमध्ये सिमकार्ड आणि बॅटरी दडवलेली तपासणीत सापडली. तपासणीला उभ्या असलेल्या माणसाला हातात मास्क घेतल्यावर तो जड लागला पाहिजे, इतकं साधं आहे ते आणि तितकंच अवघड.

मैदानाचं म्हणाल, तर छातीच्या टेपचं सांगतो. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर निदान ५ सेंटिमीटर वाढ. पोरं घाबरलेली असतात. टेप अंगाला लागायच्या आधीच श्वास भरून उभी राहतात. मग पहिलं माप भरतं ८२, आणि पुढे फुगवायला जागाच उरत नाही. वाढ येते तीन. नवखा माणूस तीन लिहून मोकळा होईल आणि नियमाने तो चुकलाही नसेल. माझ्या शेजारी एक हवालदार असायचे. ते टेप हातात घेऊन आधी विचारायचे, "गाव कुठलं रे?" पोरगा "परांडा, सर" म्हणाला की श्वास आपोआप सुटायचा. तेवढ्यात टेप फिरलेली असायची. उंचीला मात्र हेच हवालदार कागदाचा कपटा टाचेखाली सरकवून बघायचे. सरकला तर टाच उचललेली. त्यात गाव, जात, ओळख काही नाही. ओळखीचे फोन तर मोजमापाला बसलेल्या प्रत्येकाला येतात, सगळ्यात जास्त नातेवाइकांचे. माझ्या सख्ख्या भाच्यासाठी आला होता. नाही म्हणायला मला फार वेळ लागला नाही, पण पाचव्या वर्षाच्या नोकरीत लागला असता, हे मी जाणतो.

शिकवण्यात कायदा हा सोपा भाग. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले तेव्हा आम्हीही पोरांबरोबर कलमं पाठ केली, खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं. अवघड असतं समोरच्या माणसाचं ऐकणं. मी पोराला ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात तक्रार ऐकून घेणाऱ्याच्या, खुर्चीत बसवायचो आणि स्वतः मोबाइल हरवलेला म्हातारा व्हायचो. उलटसुलट सांगायचो, रडायचो. बहुतेक पोरं दुसऱ्याच मिनिटाला विचारायची, "बाबा, जागा कुठली? ती आमच्या हद्दीत नाही."

तिथे मी थांबवून त्यांना बैलजोडीची गोष्ट सांगायचो. उमेदवारीच्या काळात एका लांबच्या ठाण्यात होतो. एक शेतकरी सकाळी आला, रात्री बैलजोडी गेली म्हणाला. ओढ्यापलीकडचं रान, हद्द शेजारच्या ठाण्याची. मी त्याला तिकडे पाठवलं. त्यांनी त्याला परत आमच्याकडे पाठवलं. संध्याकाळी तो पुन्हा दारात उभा, पायाला धूळ, तेव्हा फिर्याद लिहिली. मधल्या वेळात जवळचा आठवडी बाजार उठून गेला होता. बैल मिळाले नाहीत. हद्द कुणाचीही असो, गुन्हा नोंदवायचाच, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आलंय. पण नव्या आयुक्तालयात, जिथे काल ग्रामीण असलेली हद्द आज शहर झाली, तिथे लोकांना कुठलं ठाणं आपलं हेच कळत नव्हतं. कलम वाचून पोरं माना डोलवायची. बैलांचं ऐकून गप्प व्हायची.

जुन्यांचं सगळंच चांगलं असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारे जुने पोलीस, आईवरून शिवी देत आणि त्यालाच शिस्त समजलं जाई. शिवी खाऊन तयार झालेला शिपाई ठाण्यात आलेल्या गरिबाला तीच शिवी देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कुणाला निवडायचं हे नुसत्या सेवेच्या वर्षांवर ठरवू नये. ज्याला आपल्या चुका पोरांसमोर उघड सांगता येतात, त्यालाच शिकवायला बसवावं.

आणि पालखी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांचं प्रस्थान, अष्टमीला आळंदीतून माउलींचं. लागोपाठचे दोन दिवस, दोन्ही याच हद्दीत. नव्या शिपायांना आम्ही इंद्रायणीच्या पुलावर दोर धरून उभं करायचो. दोर छातीशी नाही, कमरेशी धरायचा, म्हातारी अडखळली तर हात मोकळा राहतो. काठी मागे. आणि तोंडात एकच शब्द, माउली. "माउली, सावकाश. माउली, पुढे चला." पहिल्या वर्षी सांगलीकडची एक मुलगी माझ्याजवळ उभी होती. दुपारपर्यंत तिचा आवाज पार बसला. मग ती नुसतीच हात जोडून मान पुढे करायची, आणि लोक चालत राहायचे.