काशीची छापील मार्गदर्शिका : सहा दिवसांचा पडताळा

फेब्रुवारी २०२४ मध्ये आई आणि मी सहा दिवस काशीला राहून आलो. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत मिळालेली वाराणसीची एक इंग्रजी मार्गदर्शिका आमच्यासोबत होती. आतल्या पानावर २०१९ हे साल पाहूनच मी ती घेतली होती. परंतु ते साल पुनर्मुद्रणाचे असून आवृत्ती २०१५ ची आहे, हे महानगरी एक्स्प्रेसने इगतपुरी मागे टाकल्यावर माझ्या लक्षात आले. पुनर्मुद्रणात मजकूर बदलत नाही आणि आवृत्तीसाठीची पाहणी छपाईच्याही आधी झालेली असते, म्हणजे आमच्या हातातली माहिती जवळपास दहा वर्षे जुनी होती. मार्गदर्शिका विकत घेताना आवृत्तीचे साल पाहावे, पुनर्मुद्रणाचे नव्हे, ही माझी पहिली सूचना.

दहा वर्षांत त्यातले काय टिकले आणि काय गेले, याची नोंद मी पेन्सिलीने समासात करत गेलो. खोल्यांचे आणि होड्यांचे दर निरुपयोगी ठरतील, हे अपेक्षितच होते. स्थानकांच्या नावांचा मात्र खरोखर फटका बसणार होता. मुगलसराय २०१८ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आणि मंडुआडीह २०२१ मध्ये ‘बनारस’ झाले. आमच्या परतीच्या तिकिटावर ‘बनारस’ असे छापलेले होते, पुस्तकात त्या नावाचे स्थानकच नव्हते, आणि त्यामुळे मी ते कँट, म्हणजे वाराणसी जंक्शन, असे गृहीत धरून निघालो होतो. ई-रिक्षावाल्याने निघण्यापूर्वी ‘बनारस मतलब मंडुआडीह न?’ असे विचारले नसते, तर लोकमान्य टिळक टर्मिनसची गाडी आमच्याशिवाय सुटली असती. तिकिटावरचे स्थानकाचे नाव आणि त्याचे जुने नाव दोन्ही कागदावर लिहून ठेवावीत, कारण गावातली माणसे अजून जुन्याच नावाने बोलतात.

सर्वांत मोठा बदल विश्वनाथाच्या परिसरात झाला आहे. पुस्तकातल्या नकाशावर मंदिर आणि गंगा यांच्या मध्ये लाहोरी टोल्याच्या गल्ल्यांचे बारीक जाळे आहे. ते पान उघडे धरून मी उभा होतो आणि समोर एकही गल्ली नव्हती. होते ते रुंद दगडी फरसबंदीचे अंगण आणि त्यापलीकडे सरळ नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. १३ डिसेंबर २०२१ रोजी खुल्या झालेल्या विश्वनाथ धामासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या, हे मी वाचले होते, पण नकाशाचे अर्धे पान पुसले गेल्याचे तिथे उभे राहिल्यावरच जाणवले. शेजारच्या फुलवाल्याने नकाशावर बोट ठेवून ‘यहाँ हमारे मामा का घर था’ एवढेच सांगितले. नकाशा चुकला म्हणून आधी मला पुस्तकाचा राग आला होता, पण त्या क्षणी वाटले की हे पान जपून ठेवले पाहिजे, कारण त्या वस्तीची मांडणी आता अशा कागदांवरच उरली आहे.

पुस्तकातला मंदिराचा इतिहास मात्र अचूक होता. आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधवले, हे त्यात नीट दिले आहे. धामात आता त्यांचा पुतळा आहे, त्याचा उल्लेख पुस्तकात असणे शक्यच नव्हते. आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे आत काय पाहायचे ते आधी वाचून जावे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी ललिता घाटावरून वर चढण्याऐवजी रस्त्याच्या बाजूचे चार क्रमांकाचे द्वार धरावे.

घाटांच्या बाबतीत मी पुस्तकावर पूर्ण विसंबलो आणि त्याने एकदाही दगा दिला नाही. अस्सीपासून उत्तरेकडे पंचगंगेपर्यंत घाटांचा क्रम बदललेला नाही. गल्ल्यांमध्ये मोबाइलवरचा निळा ठिपका एका घरावरून दुसऱ्या घरावर उड्या मारत राहतो. अशा वेळी नदीकडे उतरून घाटाचे भिंतीवर रंगवलेले नाव वाचावे आणि पुस्तकातल्या क्रमाशी जुळवावे, की आपण कुठे आहोत ते लगेच कळते. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर चितेच्या लाकडांसाठी दान मागत मागे लागणाऱ्यांबद्दलचा इशारा आणि तिथे छायाचित्रे घेऊ नयेत ही सूचना, दोन्ही आजही शब्दशः लागू आहेत. पावसाळ्याबद्दल मात्र पुस्तकात केवळ एक ओळ आहे, ती पुरेशी नाही. पूर आला की खालच्या पायऱ्या बुडतात, घाटाघाटाने चालत जाणे बंद होते आणि होड्याही थांबवल्या जातात. ज्यांना हा मार्ग पायी करायचा आहे, त्यांनी नोव्हेंबर ते मार्च या काळातच जावे.

सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे पुस्तकात होते. एका स्थानिक दुकानदाराकडून खात्री करून घेऊन आम्ही गुरुवारी गेलो, आणि अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष अगदी जवळून, गर्दीशिवाय पाहता आले.

एका गोष्टीचे वाईट वाटले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आलेल्या ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट परिसराला या पुस्तकाने दोन ओळीही दिलेल्या नाहीत. सिंधिया घाटाचे वर्णन खचलेल्या बांधकामापुरते आहे, तो बांधवणाऱ्या बायजाबाई शिंद्यांचे नाव नाही. परक्या वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात आपल्याला हवे ते सगळे मिळणार नाही, हे धरून मराठी प्रवाशाने ही भर घरूनच घालून न्यावी. मी तसे केले नव्हते; ब्रह्मा घाटाच्या गल्लीत एका दारातून मराठी ऐकू आले, तेव्हा आई थांबली आणि पुढचा तास आम्ही त्या घरात चहा घेत बसलो.

मामेबहीण येत्या डिसेंबरमध्ये जाणार आहे. तिला हेच पुस्तक दिले आहे, लाहोरी टोल्याच्या पानावर धामाच्या द्वारांचा हाताने काढलेला नकाशा एका कडेने चिकटवून, म्हणजे तो उचलला की खालच्या गल्ल्याही दिसतील.