बामणोदच्या शेतातलं भरीत

डिसेंबरात पहाटे भुसावळला उतरलं की थंडी आधी कानांना लागते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे नेणारं हे गाव थंडीतही हात आखडता घेत नाही. स्टेशनबाहेर चहा झाला आणि फैजपूरची एसटी मिळाली. गाव मागे पडताच तापीचा पूल लागतो. नदी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा सुरू होतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग शेवटपर्यंत सोबत करते. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ साली झालं ते याच फैजपुरात. मला मात्र फैजपूरच्या अलीकडेच, बामणोदला उतरायचं होतं. यावल तालुक्यातलं हे गाव भरताच्या वांग्यांसाठी साऱ्या खानदेशात नावाजलेलं आहे आणि माझ्या मैत्रिणीचं माहेर तिथे आहे.

जळगावच्या भरीत-वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या माणसांना त्याची थोरवी सांगायला कागद लागत नाही. हे वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, आणि एकेक नग अर्ध्या किलोच्या आसपास. मैत्रिणीची आई, म्हणजे काकू, वाफ्यातून चालता चालता वांगं तळहातावर तोलून बघत होत्या. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर तोडायचं. जड लागलं तर आत बिया भरल्या आहेत असं समजायचं आणि पुढे जायचं. मीही दोन-चार वांगी तोलून पाहिली. फरक खरंच हाताला कळतो.

आम्ही गेलो तेव्हा चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेली होती. अनेक घरांत चातुर्मासभर कांदा, लसूण आणि वांगं वर्ज्य असतं. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग वांगं पुन्हा ताटात येतं. काकूंच्या घरी हा नेम अजून कसोशीने पाळला जातो. चार महिने वाट पाहिल्यावर येणारी ही चव बारमाही भाजीवाल्याकडून वांगं आणणाऱ्या आम्हा शहरातल्या लोकांच्या वाट्याला येत नाही, हे मला तिथे फार जाणवलं.

भरीत शेतातच करायचं ठरलं होतं, आणि ते करणार होते मैत्रिणीचे काका आणि त्यांचे दोन मित्र. हिवाळ्यात शेतावर भरताची पार्टी म्हटलं की चूल पुरुषांकडे जाते, ही इकडची जुनी रीत आहे. बांधावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग होता. त्या पसरल्या, त्यावर टोचे मारून तेलाचा हात लावलेली वांगी मांडली, वरून पुन्हा काड्या टाकल्या आणि पेटवून दिलं. कपाशीची काडी भरभर पेटते, जाळ मोठा होतो आणि लवकर बसतो. तेवढ्यात वांग्याची साल करपते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. काका लांब काठीने एकेक वांगं फिरवत होते. शेवटी देठाजवळ काठीने दाबून पाहिलं. तो भाग मऊ झाला की वांगं झालं, कारण सगळ्यात उशिरा शिजतो तो देठच.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे जुळून येणं. कपाशीची वेचणी आटोपत येते तेव्हाच वांगी भरात असतात. काड्या वाळतात तेव्हाच थंडी पडते आणि जाळाजवळ बसावंसं वाटतं. त्याच दिवसांत कांद्याची पात कोवळी असते. इंधन, भाजी आणि भूक एकाच शिवारात एकाच वेळी तयार होतात. हा पदार्थ कुणी एकाने शोधला नसणार. शेतीच्या वेळापत्रकातूनच तो उगवला असणार, असं माझं ठाम मत झालं आहे.

साल गरम असतानाच काढायची. बोटं पाण्यात बुडवत, फुंकर मारत तिघांनी ती भराभरा सोलली. मग बडगी पुढे आली. बडगी म्हणजे आतून कोरलेलं जाड लाकडी भांडं. त्यात आधी त्याच जाळावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचून घेतलं, मग गर टाकून मुसळीने ठेचायला सुरुवात झाली. ठेचताना गराचे दोरे सुटे होतात आणि मिरची त्यांच्यात मुरते. मिक्सरमध्ये त्याचा लगदा होतो, आणि लगद्याला भरीत म्हणायला इथे कुणी तयार नाही. फोडणीत तेल, जिरं, लसूण, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप. वरून बचकभर कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, गरम मसाला तर नाहीच. रंग हिरवट पांढराच राहतो आणि प्रत्येक घासात आधी धूर लागतो, मग मिरची.

सोबत कळण्याच्या पुऱ्या होत्या, त्या काकूंच्या. चार वाटे ज्वारी, एक वाटा सालीसकट काळे उडीद आणि थोडं मीठ एकत्र दळून आणायचं, हे त्यांचं माप. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून भाकरीही मऊ राहते. राखाडी रंगाची ही पुरी दिसायला साधीच, पण भरताचं तिखट ती फार छान सांभाळून घेते. बाजूला मुळा आणि पातीच्या जुड्या. ताटात वाढलेलं संपायच्या आत काकूंचा हात पुन्हा पुढे, "घे ना माय, अजून कुठे जेवलीस तू!"

त्या जेवणात महागडं काहीच नव्हतं. सगळी चव जाळाची, ठेचणाऱ्या हातांची आणि सकाळी तोडलेल्या वांग्याची. माझ्यासाठी घरचं जेवण म्हणजे हेच: त्यात कोणी काय केलं ते डोळ्यांसमोर असतं.

परतताना चार वांगी आणि दोन किलो कळण्याचं पीठ पिशवीत आलं. पुण्यात गॅसवर भाजलेल्या वांग्याला काडीचा धूर लागत नाही, पण खलबत्त्यात ठेचलं आणि मसाल्याचा मोह टाळला तर बरंचसं साधतं. तुम्हाला जायचं असेल तर जानेवारी संपायच्या आत जा. जळगाव-भुसावळला किलोवर तयार भरीत विकणारी दुकानं आहेत, तिथलंही चांगलं असतं. पण कुणी ओळखीचं शेतावर बोलावत असेल तर आधी तिकडे जा, आणि साल सोलायला आपणही बसा.