पोर्ट कॅन्सल, पगार पेंडिंग

क्रूझवर आयटी ऑफिसरचं काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती कशाची असते विचाराल तर वादळाची नाही, पोर्ट कॅन्सल होण्याची, म्हणजे ठरलेल्या बंदराला जहाज न लागण्याची. वादळात निम्मे पाहुणे केबिनमध्ये आडवे पडलेले असतात, वायफाय वापरायच्या अवस्थेत कोणी नसतं. पोर्ट कॅन्सल झालं की मात्र दिवसभर बाहेर फिरायला जाणारी तीनेक हजार माणसं जहाजावरच अडकतात, आणि कॅप्टनची अनाउन्समेंट संपायच्या आत आमच्या मॉनिटरवरचा ग्राफ वर जाऊन टेकतो तो संध्याकाळपर्यंत काही खाली येत नाही.

हा किस्सा अशाच एका दिवसाचा. नॉर्वेच्या बाजूला होतो आणि जहाजावर तेव्हा जुनं सॅटेलाइट इंटरनेट होतं, स्टारलिंक वगैरे अजून आलेलं नव्हतं. सकाळी वारा एवढा की धक्क्याला लागणं शक्यच नव्हतं, क्रूझ जहाजाची बाजू म्हणजे उभी भिंतच असते, आडव्या वाऱ्यात ती धक्क्याला नेऊन लावायची रिस्क कोण घेणार. कॅप्टनने पोर्ट सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशीचा फ्योर्ड त्याच दिवशी करायचं ठरवलं. फ्योर्ड म्हणजे दोन्हीकडे उभे डोंगर आणि मधून आत शिरलेला चिंचोळा समुद्र, वाऱ्याला आडोसा, जागोजागी धबधबे, त्यामुळे पाहुणे खूश. मी अजिबात खूश नव्हतो, का ते पुढे येईलच.

साडेआठच्या सुमारास गेस्ट सर्व्हिसेसमधून फोन, "जरा वर ये, एक मॅडम आल्यात, बँकेचं काहीतरी आहे." गेलो तर काउंटरवर उघडा लॅपटॉप, बाजूला फोन आणि एक छापील कागद, त्यावर दिवसभराचं वेळापत्रक पेनाने आखलेलं. मॅडम एका कंपनीचे पगार बघायच्या. महिन्याचा शेवटचा शुक्रवार, पगाराची फाइल ऑफिसमधून बँकेच्या पोर्टलवर चढवून झालेली, फक्त अप्रूव्ह करायचं बाकी आणि ते त्यांच्याच लॉगिनने होणार. ज्याला हा अधिकार होता असा दुसरा माणूस नेमका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट. दुपारी बँकेचा कटऑफ, तो चुकला की मधे शनिवार रविवार, म्हणजे काही शे लोकांचे पगार थेट सोमवारवर.

एक सांगतो, बाईंचं प्लॅनिंग चोख होतं. जहाजाच्या वायफायच्या भरवशावर त्या आल्याच नव्हत्या. शुक्रवारी पोर्ट आहे, खाली उतरायचं, किनाऱ्यावरच्या मोबाइल नेटवर्कवर काम उरकायचं आणि मग फिरायला जायचं, कागदावर हेच लिहिलेलं. इतका विचार करून येणारे पाहुणे मला क्वचितच भेटतात, बाकी सगळे ‘जहाजावर वायफाय आहे’ एवढं वाचून आठवडाभराच्या मीटिंगा लावून येतात आणि मग माझ्याशी भांडतात.

पहिली अडचण पान उघडण्याचीच. ते जुनं सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतं. तुम्ही क्लिक केलं की सिग्नल तिथवर जाणार, मग खाली जमिनीवरच्या स्टेशनला, आणि उत्तर त्याच वाटेने परत. प्रकाशाच्या वेगाने धावलं तरी यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो, वर आमची गर्दी धरून तो कधी दोन तीन सेकंदांवर जातो. मेसेज पाठवणाऱ्याला हे कळतसुद्धा नाही. पण बँकेचं एक पान उघडायला अशा कित्येक खेपा होतात, आणि बँक सुरक्षेसाठी सेशनला टायमर लावून बसलेली, त्यामुळे पान पूर्ण दिसेपर्यंत सेशनच संपलेलं. मी त्यांचा लॅपटॉप प्रायॉरिटी ग्रुपमध्ये टाकला, तेवढं माझ्या हातात होतं, आणि पान उघडलं. पासवर्ड गेला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं थांबा, अजून खरी गंमत यायचीय.

ओटीपी. तोही एसएमएसवर.

फोन एअरप्लेन मोडवर, कारण आम्हीच सगळ्यांना तसं सांगतो. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, पण त्याचं रोमिंग वेगळं धरतात आणि मॅडमच्या सिमवर ते चालू नव्हतं, शिवाय किनाऱ्याजवळ आलं की नियमाने ते बंद करावं लागतं आणि आम्ही किनाऱ्याजवळच होतो. राहिलं वायफाय कॉलिंग, त्यावर एसएमएस येऊ शकतो. पण वायफाय कॉलिंग आतून एक बंद बोगदा काढून आपल्या मोबाइल कंपनीपर्यंत पोचतं, आणि बरेचसे व्हीपीएनही (ऑफिस वगैरेच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी सोय) तोच बोगदा, तेच ५०० आणि ४५०० नंबरचे पोर्ट वापरतात, हे पोर्ट म्हणजे बंदर नाही, नेटवर्कची नंबर घातलेली दारं. साध्या पॅकेजवर आमच्याकडे व्हीपीएन बंद, त्यामुळे वायफाय कॉलिंगही आपोआप बंद. पाहुण्यांना वाटतं आम्ही मुद्दाम फोन अडवतो, खरं तर फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याला, दोघांतला फरक कळत नाही एवढंच.

मग त्यांना वरचं पॅकेज दिलं. त्यात एका वेळी एकच डिव्हाइस, म्हणजे फोन जोडला की लॅपटॉप बाहेर! काउंटरवरच्या मुलीने डोक्याला हात लावला. मी दुसरं लॉगिन काढून दिलं, फोनवर वायफाय कॉलिंगची खूण आली, ओटीपी मागवला, तो आला ती मुदत संपल्यावर. परत मागवला, परत उशिरा. असं चालू असताना एकदाचा एक वेळेत आला, मॅडमनी तो घाईघाईने टाकला, सबमिट केलं, चक्र फिरत राहिलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरात पाटी, संशयास्पद हालचाल, खातं तात्पुरतं लॉक.

त्यांनी काही चुकीचं टाकलं नव्हतं. झालं असं की जहाजावर आमचे दोन मोठे पांढरे डोम आहेत, आतली डिश जहाज कितीही डोललं तरी सॅटेलाइटकडे तोंड करून राहते. जहाज वळलं आणि धुराड्याची चिमणी मधे आली की एका डोमकडून काम दुसऱ्याकडे जातं. नेमक्या त्याच मिनिटाला आम्ही फ्योर्डच्या तोंडाशी वळत होतो, दुसरा डोम वेगळ्या सॅटेलाइटवर होता आणि त्या सॅटेलाइटचं जमिनीवरचं स्टेशन वेगळ्या देशात. म्हणजे बँकेच्या नजरेने बघा, एक बाई पासवर्ड एका देशातून टाकते आणि मिनिटभरात ओटीपी दुसऱ्या देशातून, मधे पैशांची भलीमोठी फाइल. बँकेच्या जागी मी असतो तर मीही लॉकच केलं असतं.

अर्ध्या तासाने प्रयत्न करा, असं खाली लिहिलेलं. आणि अर्ध्या तासाने आम्ही फ्योर्डच्या आत असणार.

मी ब्रिजला, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, फोन लावला. बासष्ट अंश उत्तरेला हे सॅटेलाइट दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असतं, उघड्या समुद्रात तेवढं पुरतं, पण फ्योर्डमध्ये दक्षिणेला हजारभर मीटरचा कडा उभा राहिला की संपलं. ब्रिजवरच्या ऑफिसरने चार्ट बघून सांगितलं, साडेदहानंतर दुपारपर्यंत आशा सोड. कटऑफ त्याच्या आतच होता. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त कागदावरचा तो वेळापत्रकाचा तक्ता त्यांनी उलटा करून ठेवला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तरी बरं झालं असतं.

खाली आलो. खालच्या मजल्यावर क्रूचा लांबच लांब कॉरिडॉर असतो, बऱ्याच जहाजांवर त्याला अमेरिकेतल्या हायवेवरून आय-९५ म्हणतात, तिथे हाउसकीपिंगमधला एक ओळखीचा पोरगा जवळजवळ पळतच चाललेला. म्हटलं कुठे रे? "टॉवर येणार ना आता," म्हणाला. आणि माझी ट्यूब पेटली. क्रूला जहाजाचं इंटरनेट विकत घ्यावं लागतं, घरी फोन करायचा असतो, त्यामुळे कुठल्या फ्योर्डमध्ये कुठल्या वळणावर कुठल्या बाजूला किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडतं हे त्यांना माझ्यापेक्षा आणि ब्रिजपेक्षाही नेमकं माहीत असतं. त्याला थांबवून विचारलं तर एका दमात म्हणाला, "मोठा धबधबा गेला की वळण आहे, वळणानंतर गाव. गाव दिसायच्या थोडं आधीच येतं. डावीकडे उभे राहा, वरच्या डेकवर. फोनला आपोआप नाही सापडलं तर हाताने सिलेक्ट करा." आणि गेला पळत.

मॅडमना घेऊन वरच्या उघड्या डेकवर गेलो. धबधबा आला म्हणून अख्खं जहाज रेलिंगला लागलेलं, सगळे फोन वर, आणि आम्ही त्या गर्दीकडे पाठ करून एका आरामखुर्चीवर लॅपटॉप ठेवलेला, उजेडात स्क्रीन दिसेना म्हणून मॅडमनी डोक्यावरून टॉवेल घेतला आणि त्याच्या आत लॅपटॉप. मी शेजारी उकिडवा बसून त्यांच्या फोनवर नेटवर्क शोधतोय. एकदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही. खाली वाकून बघितलं तर पुढच्या क्रू डेकवर पंधरा वीस जण, सगळ्यांची तोंडं डावीकडे, धबधब्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

वळण आलं. आधी खालचा क्रू डेक एकदम बोलायला लागला, मग आमच्या फोनवर नेटवर्कचं नाव आलं, मग चार काड्या. आणि मग सकाळपासूनचे न पोचलेले ओटीपी एकामागून एक धाडधाड येऊन पडले. मॅडम टॉवेलच्या आतून ओरडल्या, "ह्यातला कुठला?" म्हटलं कुठलाच नाही, सगळे शिळे, नवीन मागवा.

हॉटस्पॉट लावला. इथे एक गोष्ट आमच्या फायद्याची झाली. रोमिंगवर असताना मोबाइल डेटा सहसा आपल्या मूळ कंपनीच्या देशातून फिरून बाहेर पडतो, त्यामुळे बँकेला मॅडम फ्योर्डमध्ये नाही तर स्वतःच्या घरी बसलेल्या दिसल्या. लॉकची वेळ उलटून गेलेली, पासवर्ड पहिल्या फटक्यात गेला, नवा ओटीपी दोन सेकंदांत आला, अप्रूव्ह. रेफरन्स नंबरचं पान आलं तसं मॅडमनी आधी स्क्रीनशॉट घेतला, मग लॅपटॉपचा दुसऱ्या फोनने फोटोही काढला, सकाळपासून जे बघितलं त्यानंतर कशावरच विश्वास राहिला नव्हता त्यांचा. गाव मागे पडेपर्यंत काम आटपून त्या रेलिंगला उभ्या होत्या. धबधबा मात्र हुकला.

संध्याकाळी त्यांनी फीडबॅक फॉर्म भरला, त्यात मला पैकीच्या पैकी आणि इंटरनेटला सगळ्यात कमी. अगदी योग्य मार्क, मला एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारलीय. स्टारलिंकची समुद्रावरची सेवा २०२२ मध्ये सुरू झाली, ती सॅटेलाइट साधारण ५५० किलोमीटरवर, भरपूर संख्येने डोक्यावरून जात असतात त्यामुळे फ्योर्डमध्येही बऱ्यापैकी चालतं आणि व्हिडिओ कॉलवर माणूस अर्धा सेकंद उशिरा हसत नाही. वेगाच्या तक्रारी कमी झाल्या. ओटीपीच्या नाही झाल्या, व्हीपीएनच्या नाही झाल्या, बँकेला आपण भलत्याच देशात दिसतो त्याच्याही नाही. म्हणून कोणी काम घेऊन आलं की मी स्पीड किती मिळेल ते सांगत बसत नाही, आधी विचारतो लॉगिन कसं होतं तुमचं. शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावा म्हणतो, त्याचा कोड फोनमध्येच वेळेवरून तयार होतो, नेटवर्क लागतच नाही.

तर परवा एक साहेब तावातावाने आले, तुमच्या सांगण्यावरून ॲप लावलं, कोड एकही चालत नाहीये, तुमचं नेटवर्क बंडल आहे. फोन बघितला. आदल्या रात्री जहाजाची घड्याळं एक तास पुढे केली होती, साहेबांनी टाइम झोन न बदलता हाताने काटा तेवढा पुढे केलेला, म्हणजे फोन सगळ्या जगाच्या एक तास पुढे धावत होता आणि कोडही तासाभराने पुढचे देत होता. झोन नीट लावून घड्याळ ठीक केलं, कोड चालला. साहेब म्हणाले, "बघा, आता नेटवर्क सुधारलं."