टाळूला न लागणारी जीभ

शाळेतून आलेला फोन "घाबरू नका" असा सुरू झाला की आधी घाबरून घ्यावं आणि मग पुढचं ऐकावं. मीही तेच केलं.

"तो अगदी ठीक आहे. आता सुटलाय," बाई म्हणाल्या.

सुटलाय? म्हणजे आधी कशात अडकला होता? पलीकडे क्षणभर शांतता. ती मी ओळखते. हसू दाबणाऱ्या माणसाची शांतता वेगळी ऐकू येते.

तर चिरंजीवांनी मधल्या सुट्टीत झोपाळ्याच्या लोखंडी खांबाला जीभ लावली होती. बाहेर तापमान उणे बारा. जीभ चिकटली. एरवी ज्याची जीभ दिवसभर टाळूला लागत नाही, त्याची शेवटी खांबाला लागली.

पुढचं सगळं बाईंकडून कळलं. एका मित्राने "ओढ!" असा सल्ला दिला आणि दुसऱ्याने तो लगेच अमलात आणायला घेतला. बाई वेळेवर पोचल्या म्हणून बरं, कारण अशा वेळी ओढलं की जीभ सुटते खरी, पण तिची साल खांबावर राहते. त्यांनी कोमट पाणी मागवलं (कोमटच, कढत नव्हे) आणि जीभ जिथे चिकटली होती तिथे हळूहळू धार धरली. मिनिटभरात काम झालं. तोवर हा अखंड ओरडत होता, पण काय ते कुणालाच कळेना. जीभ बाहेर अडकली की माणसाकडे फक्त स्वर उरतात, व्यंजनं सगळी खांब ठेवून घेतो. मला मात्र गाडी चालवताना एकदम लक्षात आलं, "आई" या शब्दात दोन्ही स्वरच आहेत. तो नुसता ओरडत नसावा.

मी पोचले तेव्हा साहेब ऑफिसातल्या खुर्चीवर पाय हलवत बसले होते. जिभेच्या शेंड्यावर नखाएवढा लाल डाग. तोंडातली जखम लवकर भरते, दोनचार दिवसांत विसरेल, हे मला माहीत होतं. त्यामुळे आता रागावायला हरकत नव्हती. मी वाक्य जुळवायला घेतलं. "तुला एवढं कळत नाही का?" आणि तिथेच थांबले. कळत होतं ना. सगळं कळत होतं. मीच सांगितलं होतं.

त्याच सकाळी घराच्या पायऱ्या उतरताना त्याने विचारलं होतं, की लोखंडी कठडा चावतो तसा लाकडी दरवाजा का चावत नाही? असा प्रश्न आला की माझ्या अंगात मास्तर संचारतो. म्हटलं, दोन्ही सारखेच गार आहेत. थर्मामीटर लावला तर आकडा एकच येईल. फक्त लोखंडातून उष्णता लाकडापेक्षा शेकडो पट सहज वाहते, म्हणून ते तुझ्या बोटातली ऊब भसाभस ओढून घेतं. लाकूड आपलं निवांत असतं. त्याने मान डोलावली. इथे थांबायला हवं होतं. पण मला श्रोता मिळाला होता. मग लाळ म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, ते कसं पटकन गोठतं, जिभेचा पृष्ठभाग कसा बारीक बारीक उंचवट्यांचा, त्या खाचाखोचांत बर्फ कसा घट्ट रुतून बसतो, जीभ सदतीस अंशांची असली आणि रक्त धावत आलं तरी लोखंडापुढे ते कसं कमी पडतं, हे सगळं झालं. फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे ओल्या बोटांना धरून ठेवतो, त्याचंही उदाहरण झालं. आणि वर समारोप: "म्हणून हिवाळ्यात लोखंडाला कधी जीभ लावायची नसते हं."

सात वर्षांत त्याला हे एकदाही सुचलं नव्हतं.

ऑफिसातल्या बाईंनी एक फॉर्म पुढे केला. अपघाताची नोंद. तारीख, वेळ, ठिकाण, दुखापत, केलेले उपचार. "घटनेचं कारण" या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: थंडी. मी वाचलं आणि मुकाट्याने खाली सही केली.

गाडीत बसल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मी हसू येऊ नये म्हणून रस्त्याकडे पाहत होते. तो का गप्प आहे ते मात्र कळेना. दुखत असेल, लाज वाटत असेल, मुलं चिडवणार याची धास्ती असेल. मी मवाळ आवाजात विचारलं, "कसला विचार करतोयस?"

"आधी बाकाला लावली होथी," तो बोबडं बोलला.

"काय?"

"जीभ. लाकडी बाकाला. थिथे नाही चिकटली."

यावर काय बोलावं हे कुठल्याही आईला ठाऊक नसावं. मी आरशातून मागे पाहिलं. तो जीभ बाहेर काढून, डोळे तिरळे करून तिचा शेंडा बघायच्या खटपटीत होता. मग ती सावकाश आत घेत खिडकीबाहेर बघत म्हणाला,

"घशरगुंडी राहिली. थी प्लाश्टिकची आहे."