बांध नसलेलं शिवार : लॅक्सटनला जाऊन आलो

जूनमधे अप्पा आमच्याकडे नॉटिंगहॅमला आले होते. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला लंडन काय दाखवायचं, म्हणून त्यांना थेट लॅक्सटनला, जुन्या पद्धतीची सामायिक शिवारं टिकवून ठेवलेल्या खेड्यात नेलं. गाडीने तासभर लागतो, ए-१ महामार्गावरून टक्सफर्डला आत वळायचं. ट्रेनने येणार असाल तर न्यूअर्क किंवा रेटफर्डला उतरून टॅक्सी करा, बसच्या भरवशावर राहू नका.

इंग्लंडमधे बाकी जवळजवळ सगळीकडे १८व्या-१९व्या शतकापर्यंत मोकळी शिवारं कुंपणं घालून वाटून टाकली, इथे मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साऊथ फील्ड ही तीन मोठी शिवारं अजून तशीच आहेत. एकात गहू, दुसऱ्यात उन्हाळी पीक, तिसरं पडीक किंवा गवताला, आणि दरवर्षी पाळी फिरते. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्हीकडे विखुरलेल्या. अप्पा गव्हाच्या कडेला उभे राहून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "अरे बांधच नाही की इथं, मग कोरतात काय एकमेकांचं?"

कोरतात की! त्यासाठीच इथलं मॅनरचं कोर्ट, म्हणजे जहागिरीची चावडीच म्हणा, आजही चालू आहे. नोव्हेंबरच्या शेवटाला किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला गावातल्या शेतकऱ्यांचीच ज्युरी ट्रेलरवर बसून गव्हाच्या शिवारात फिरते, हद्दीला लाकडी खुंट्या ठोकते, कुणी वाटेत नांगर घातला असेल तर त्याचं नाव लिहून घेते, आणि आठवड्याने डव्हकोट इन या पबमधे कोर्ट भरून दंड होतो. अप्पांना हे इतकं पटलं की गाडीत परत येईपर्यंत दुसरा विषय नाही.

जहागीर मात्र बऱ्याच हातांतून गेली. डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने १०८६ ला करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, ती जेफ्री अल्सेलिनकडे होती, पुढे शेरवुडच्या जंगलाची राखण वंशपरंपरेने करणारे द कॉ आणि एव्हरिंगहॅम घराणं, मग सर विल्यम कोर्टन, ज्याच्यासाठी १६३५ ला मार्क पियर्सने प्रत्येक पट्टीचा नकाशा काढला (मूळ प्रत ऑक्सफर्डला बॉडलियन लायब्ररीत). १९५२ ला सरकारने गाव विकत घेतलं, २०२० पासून ते थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे आहे. शेतकरी आजही कुळंच.

चर्च चुकवू नका. एव्हरिंगहॅमांच्या दगडी पुतळ्यांशेजारी एका बाईचा ओकच्या लाकडाचा पुतळा आहे, जवळ वाकून बघितलं तर चेहरा झिजलेला दिसतो पण लाकडाच्या रेषा अजून स्वच्छ. चर्चच्या उत्तरेला किल्ल्याची टेकाडं आहेत, भिंती शोधू नका, मातीचे उंचवटे आणि खंदक एवढंच उरलंय, पण वर चढल्यावर आजूबाजूचा मुलूख छान दिसतो.

जमीन चिकणमातीची आहे, पाऊस पडून गेला असेल तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटच घाला, आमचे साधे बूट दोन तासांत जड झाले. पायवाट सोडू नका, शिवारातल्या गवताच्या पट्ट्यांना साइक म्हणतात, तिथे दुर्मिळ रानफुलं असतात आणि त्या गवताचा लिलाव होतो. पब आणि माहिती केंद्राच्या वेळा निघायच्या आधी बघून घ्या, आणि अर्धा दिवस उरला तर साउथवेल मिन्स्टर या मोठ्या जुन्या चर्चला जा, तिथल्या चॅप्टर हाऊसमधली, म्हणजे पाद्र्यांच्या सभागृहातली, दगडात कोरलेली पानं १३व्या शतकातली आहेत.