मारी युखाच
आज दिवसभर जर्मन राजकारणी मारी युखाच डोक्यातून जात नाहीयेत. मोलकरीण, कारखान्यातली कामगार, मग शिवणकाम. नवऱ्यापासून वेगळं होऊन मुलं आणि बहिणीसोबत बर्लिन गाठलं, सोशल डेमोक्रॅट पक्षाचं काम सुरू केलं. १९ फेब्रुवारी १९१९ ला वायमार शहरात भरलेल्या राष्ट्रीय सभेत, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संसदेत, त्या बोलायला उभ्या राहिल्या. निवडून आलेली बाई जर्मन संसदेत बोलण्याची ती पहिलीच वेळ! आणि बोलल्या काय, तर बायकांना मिळालेल्या मताधिकारासाठी आम्ही सरकारचे आभार मानायचं कारण नाही, आजवर अन्यायाने नाकारलेलं तेवढंच आम्हाला मिळालंय. केवढी ताठ मान! त्याच वर्षी त्यांनी 'आर्बायटरवोलफार्ट' ही मदतसंस्था उभारली. १९३३ ला नाझींमुळे देश सोडावा लागला, १९४९ ला परतल्या. संस्था आजही काम करतेय. आपल्या मुलींना हे नाव माहीत असायला हवं, असं फार मनापासून वाटतंय.